उबवणीची म्हणून विकलेली खाण्याची अंडी

कडकनाथ कोंबडीची उबवणीची अंडी पार्सलने मागवणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी: पिल्ले निघाली नाहीत की सगळा दोष कुरिअरवर ढकलणे विक्रेत्याला फार सोपे जाते. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले.

या जातीचे मूळ ठिकाण मध्य प्रदेशातील झाबुआ. तिथल्या कडकनाथच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून त्या गावाचे नाव सांगून माल खपवणारेही भेटू लागले. अशाच एका विक्रेत्याने काळ्या कोंबड्यांचे व्हिडिओ दाखवून अंड्यामागे पन्नास रुपये भाव लावला आणि सगळी रक्कम यूपीआयने आगाऊ घेतली. पार्सल आले तेव्हा पॅकिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक अंडे निमुळते टोक खाली करून बबल रॅपमध्ये गुंडाळलेले, भोवती भाताचे तूस दाबून भरलेले आणि एकही अंडे तडकलेले नाही. दिवसभर ती स्थिर ठेवून मग ३७.५ अंशांवर इनक्युबेटरमध्ये लावली. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च धरला, तेव्हा कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसायला हव्या होत्या. एकूण एक अंड्यातून नुसता पिवळसर उजेड आरपार येत होता.

विक्रेत्याचे उत्तर तयारच होते, "दादा, कुरिअरवाल्यांनी खोका आपटला असणार." हादऱ्यांनी अंड्यातली हवेची पोकळी सुटते, तापलेल्या गाडीत गर्भ अर्धवट वाढून मरतो आणि उत्तम पॅकिंग असूनही बरीच अंडी वाया जातात, हे खरेच आहे. परंतु कितीही आपटले तरी फलित अंडे अफलित होत नाही. फलित अंड्याच्या बलकावर, उबवण्याआधीही, कडे असलेले फिकट वर्तुळ दिसते. मी फोडलेल्या प्रत्येक अंड्यात मात्र केवळ लहान, घट्ट पांढरा ठिपका होता. आल्या दिवशी नोंदवलेले वजनही साठ ग्रॅमच्या आसपास होते, आणि कडकनाथचे अंडे त्याहून बरेच लहान असते. माझ्या मते ती कोंबड्याशिवाय पाळलेल्या लेअर, म्हणजे खाण्याच्या अंड्यांसाठीच्या कोंबड्यांची बाजारातली अंडी होती. फोटो पाठवल्यावर "पुढच्या लॉटमध्ये बदलून देतो" असे आश्वासन मिळाले, त्यानंतर माझा नंबर ब्लॉक झाला.

म्हणून खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ काढावा, अंड्यांचे वजन करावे आणि दोन-तीन अंडी त्याच दिवशी फोडून बलक पाहावा. एवढ्या अंड्यांचे नुकसान सोसावे, पण कुरिअरची सबब तिथेच संपते. घातल्याची तारीख अंड्यावर पेन्सिलीने लिहून मागावी, कारण आठवड्यापेक्षा जुनी अंडी कमी उबतात. काळ्या कवचाची अंडी दाखवणाऱ्याशी तर बोलणेच थांबवावे, कारण कडकनाथचे कवच फिकट तपकिरी असते. निम्मी रक्कम टॉर्चच्या तपासणीनंतर देण्याची अट जो विक्रेता मान्य करील, त्याच्याकडूनच मी यापुढे अंडी घेणार आहे. ऑनलाइन पैसे बुडाल्यास १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर विनाविलंब कळवावे; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. व्यवहार क्रमांक, संभाषण आणि फोडलेल्या अंड्यांचे फोटो तक्रार निकाली निघेपर्यंत पुसू नयेत.