जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण: साबणपाणी की निंबोळी तेल?

शेजारच्या वहिनींची जास्वंद मार्चपासून पांढरी पडली आहे. काय फवारू, असं त्या विचारत होत्या. मी दोन्ही वापरलं आहे.

खर्चात साबणपाणी स्वस्त. लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रवसाबण, बस. कपड्यांची पावडर मात्र नको, पानं करपतात. साबणाने किडीवरचं मेणचट आवरण सुटतं आणि ती मरते, पण थेंब अंगावर पडला तरच. वाळला की काम संपलं. कळीच्या देठाशी, पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके लपतात, तिथे जुन्या ब्रशनेच घासावं लागतं.

निंबोळी तेल महाग, वासही उग्र. लिटरला ५ मिली, त्यात साबणाचे थेंब, नाहीतर ते पाण्यात मिसळतच नाही. लगेच कीड मरत नाही. तिचं खाणं मंदावतं, पिल्लांची वाढ खुंटते. उन्हात त्याचा गुण जातो, म्हणून संध्याकाळीच फवारायचं, दर आठवड्याला.

दोन-चार कुंड्या आणि नुकती लागण असेल तर साबणपाणी पुरे. बाग मोठी असेल, कीड पुन्हा पुन्हा येत असेल तर निंबोळी तेल. वहिनींना मी तेच सांगितलं. आणि खोडावर चढणाऱ्या मुंग्या आधी रोखा, त्याच या किडीला सांभाळतात.