तिसऱ्या रांगेतला म्हातारा: चरित्रभूमिकांच्या मेकअप किटचं परीक्षण

राज्य नाट्य स्पर्धेचा मोसम जवळ आला की ‘कॅरेक्टर मेकअप किट’ नावाच्या पेट्या धडाधड विकल्या जातात. चकचकीत डबा, आत बारा किंवा चोवीस रंगांच्या वाट्या, दोन ब्रश, एक स्पंज, मिशी-दाढी चिकटवायच्या स्पिरिट गमची अंगठ्याएवढी बाटली आणि पांढऱ्या क्रेपची, म्हणजे दाढी-मिशीसाठीच्या नकली केसांची, वीतभर वेणी. घेणारा बहुधा तिशीच्या आतला नट, आणि त्याला उभा करायचा असतो सत्तरीचा आजोबा. या पेटीतून रंग निघतो, आजोबा निघत नाही. पैसे बारा रंगांचे मोजायचे आणि वापरायचे चार. ज्यांच्या जिवावर प्रयोग शेवटपर्यंत टिकतो ते गम, क्रेप आणि गम काढायचं द्रावण मात्र पेटीत नावापुरतंच, आणि द्रावण तर बहुतेक वेळा नसतंच.

म्हणून इथे तयार पेटी आणि सुटं सामान जमवून केलेली पेटी अशी तुलना आहे. सुट्यात आपल्याकडे रंगपटात सर्वात जास्त दिसतं ते क्रायोलान या बर्लिनच्या कंपनीचं सामान. कंपनी १९४५ सालची, खास नाटक-सिनेमाच्या रंगभूषेसाठीच काढलेली. त्यांची टीव्ही पेंट स्टिक, म्हणजे बेसची (कातडीवर आधी लावायच्या मूळ रंगाची) कांडी, २५ ग्रॅमची येते. चेहरा, कान, मान आणि हातांचे पंजे धरले तर एका प्रयोगाला अंदाजे एक ग्रॅम जातो. म्हणजे एक कांडी साधारण वीस-पंचवीस प्रयोग चालते. तयार पेटीतली बेसची वाटी मान आणि हात रंगवायला लागलात की सहा-सात प्रयोगांत तळ दाखवते. पहिल्या दिवशी स्वस्त वाटलेली पेटी दौऱ्यावर महाग पडते ती अशी.

रंगाच्या छटेबद्दल जास्त तक्रार आहे. पेटीतला बेस गुलाबी असतो. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर तो लावला की माणूस म्हातारा दिसत नाही, राख फासल्यासारखा दिसतो. म्हातारपणाचा बेस आपल्या रंगापेक्षा उजळ नको, फक्त किंचित पिवळट आणि मेलेला हवा. गालावर दोन-दोन रेघा, कपाळावर तीन, हनुवटीवर एक, आणि मग ओलसर (ओला नव्हे) स्पंज टिपत टिपत पसरायचा. चोळला की पट्टे पडतात. कानांच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू विसरली जाते, आणि नट पाठमोरा झाला की सत्तरीच्या डोक्याखाली पंचविशीची मान दिसते. हातांचंही तेच. काठी धरलेला गुळगुळीत पंजा पहिल्या पाच रांगांना चेहऱ्याआधी दिसतो.

सुरकुत्यांसाठी काळी पेन्सिल वापरणं थांबवलं पाहिजे. पेटीत ती असते म्हणून वापरली जाते, एवढंच. कपाळाला आठ्या घालायच्या, डोळे बारीक करायचे, नट हसला की जिथे घडी पडते तिथेच रेघ. रंग राखाडी तपकिरी. घडीच्या तळाशी रेघ, तिची एक कड बोटाने विरघळवलेली, आणि लगेच वर उजळ रंगाची दुसरी रेघ. प्रकाश वरून पडतो, त्यामुळे कातडी लोंबते आहे हे प्रेक्षकाला सांगते ती ही उजळ रेघ. नुसत्या काळ्या रेघा ओढल्या तर चेहरा नकाशासारखा होतो. खोलगट भाग तीन: कानशील, गालाच्या हाडाखालचा खड्डा, डोळ्याचा आतला कोपरा. हे तीन जमले तर सुरकुत्या निम्म्या केल्या तरी चालतं.

प्रकाशयोजनाकाराला विचारल्याशिवाय लालसर तपकिरी रंग वापरू नका. अंबर जिलेटिनखाली (दिव्यापुढे लावलेल्या पिवळसर रंगीत कागदाखाली) तो फिका पडतो आणि निळ्या प्रकाशात काळाठिक्कर होतो. मराठी नाटकात म्हातारे मरतात ते बहुधा निळ्या प्रकाशातच, त्यामुळे शेवटच्या प्रवेशात चेहऱ्यावर कोळसा घासल्यासारखं दिसायचं नसेल तर राखाडी झाक असलेलाच तपकिरी घ्या. सुट्या कांड्यांत तो मिळतो, पेटीत क्वचित.

या पेट्यांच्या वेष्टनावर ‘झटपट वृद्ध’ छापाचं आश्वासन असतं, म्हणून थोडं विषयांतर. ‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला तेव्हा डॉ. श्रीराम लागू ४३ वर्षांचे होते आणि उभा करायचा होता निवृत्त झालेला गणपतराव बेलवलकर. मधलं अंतर डब्यातल्या रंगाने भरत नाही. कंबर, गुडघे, श्वास कुठे तुटतो, यांनीच ते भरतं. लागू मुळात कान-नाक-घशाचे सर्जन, तेव्हा आवाजाची यंत्रणा त्यांना आतून ठाऊक होती. दिलीप प्रभावळकरांनी ‘हसवाफसवी’त सहा भूमिका केल्या आणि २००१ साली सुरू झालेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’त साठीच्या अलीकडे असतानाच घरातले आबा उभे केले. रोज कॅमेरा समोर असलेल्या मालिकेत जाड रंग एक दिवस चालणार नाही. चाल आणि मान आधी म्हातारी झाली की रंग कमी लागतो, आणि कमी रंग कमी ओघळतो. तालमीत म्हातारा जमलेला नसेल तर रंगीत तालमीला जास्त सुरकुत्या काढून तो जमत नाही.

आता गम. या पेटीची खरी परीक्षा मिशीवर होते.

स्पिरिट गम म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ. स्पिरिट उडालं की राळ चिकटते. ती कोरड्या, स्वच्छ कातडीला धरते, तेलकट बेसवर धरत नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक इथेच. संपूर्ण चेहरा रंगवून, पावडर मारून, मग ओठावर गम लावला जातो. पहिला अंक निभतो. वरच्या ओठावर घाम सर्वात आधी येतो, बेस सरकतो आणि त्यावर बसलेली मिशी एका बाजूने लोंबायला लागते. म्हणून मिशी-दाढीची जागा बेस लावताना मोकळी सोडायची, कापसावर थोडं स्पिरिट घेऊन पुसायची, आणि बेस मागाहून मिशीच्या कडेपर्यंत आणायचा. दाढी सकाळीच करून ठेवावी. अर्ध्या तासापूर्वी वस्तरा फिरवलेल्या कातडीवर गम लावला तर डोळ्यांतून पाणी येतं, आणि मग डोळ्यांखालचं कामही पुन्हा करावं लागतं.

गमचा थर पातळ हवा. लावल्यावर लगेच केस चिकटवायचे नाहीत. बोटाच्या टोकाने वीस-तीस सेकंद टिपत राहायचं. बोट उचलताना तार ओढल्यासारखं वाटलं की गम तयार. ओल्या गमवर केस ठेवले तर गम केसांतून वर येतो, चमकतो, आणि स्पॉटखाली मिशीच्या मुळाशी काचेची पट्टी दिसते. दाबायचं ते ओलसर सुती कापडाने. बोटांनी दाबलं की मिशी बोटाला येते.

क्रेपची वेणी दोऱ्यावर विणलेली असते, त्यामुळे केस कुरळे निघतात. आदल्या रात्री हवी तेवढी लांबी सोडवून पाण्यात भिजवायची, ताणून बांधायची आणि सुकू द्यायची. प्रयोगाच्या दिवशी घाई केली तर इस्त्रीची वाफ चालते, पण मग केस ठिसूळ होतात. पूर्ण सरळही करू नका. म्हाताऱ्याच्या दाढीला थोडी लाट हवीच. शुद्ध पांढरं क्रेप एकटं वापरलं तर कापूस चिकटवल्यासारखं दिसतं. तीन भाग पांढरं, एक भाग राखाडी विंचरून एकत्र केलं की केस वाटतात. पेटीत एकाच रंगाची वेणी असते, हा तिचा आणखी एक उणा गुण.

दाढी खालून वर रचायची: आधी हनुवटीची खालची बाजू, मग पुढची, मग गाल. कौलं जशी खालून चढवत नेतात तसं, म्हणजे वरचा थर खालच्याची मुळं झाकतो. मिशी बाहेरच्या टोकाकडून नाकाकडे, आणि नाकाखालची उभी खाच रिकामी. ओठांच्या कोपऱ्याशी दोन-तीन मिलिमीटर सोडून द्या, नाहीतर पहिल्याच मोठ्या संवादाला कोपरा उखडतो. पूर्ण दाढीला सरावाच्या हाताला पाऊण तास लागतो, नवख्याला दीड. प्रयोगसंख्या दहाच्या वर जाणार असेल तर क्रेपचा नाद सोडून जाळीवर विणलेली तयार मिशी-दाढी घेणं परवडतं. जाळी केसांच्या ओळीबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापायची आणि गम कातडीला लावायचा, जाळीला नाही. प्रत्येक प्रयोगानंतर जाळी द्रावणात बुडवून ब्रशने टिपून साफ करायची. चार प्रयोग तशीच वापरली की छिद्रं राळेने बुजतात, जाळी पांढरी आणि कडक होते आणि तिसऱ्या रांगेतूनही कड दिसते.

एकाच नटाला अनेक रूपं घ्यायची असतील तर हिशेब निराळा. ‘तो मी नव्हेच’ १९६२ चं नाटक, आचार्य अत्र्यांचं. प्रभाकर पणशीकर त्यात पाच रूपांत यायचे आणि रंगमंच फिरता होता. नेपथ्य बदलायला वेळच लागत नाही म्हटल्यावर नटाला रूप बदलायलाही तेवढाच वेळ. अशा नाटकात बेस सगळ्या भूमिकांना एकच ठेवावा लागतो, आणि बदलायचं ते टोपी, चष्मा, मिशी, खांद्यावरचं उपरणं, बोलीची ढब. मिशीला गमऐवजी टोपाची (विगची) दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरली तर पंधरा सेकंदांत लागते आणि पाच सेकंदांत निघते. ती घामात फार तर वीस मिनिटं धरते, म्हणून फक्त छोट्या प्रवेशांना. तयार पेटीत टेप नसते. विंगेत आरसा, छोटी बॅटरी आणि दुसरी मिशी हातात घेऊन उभा राहणारा माणूस लागतो, तोही पेटीत नसतो.

केस पिकवायला टाल्कम पावडर हा शाळेच्या गॅदरिंगपासून चालत आलेला प्रकार आहे. परगावाहून आलेला मुलगा आजोबांना मिठी मारतो आणि त्याच्या काळ्या कुर्त्यावर पांढरा ढग बसतो. प्रेक्षक रडायच्या जागी हसतात. पेटीतली पांढरी वाटीही नको, ती तेलकट असल्याने केस चिप्प बसतात. पाण्याने भिजवायची पांढरी वडी जुन्या टूथब्रशवर घेऊन कानशिलांपासून मागे, मुळाकडून टोकाकडे ओढायची. त्यात चिमूटभर पिवडी मिसळली तर पांढऱ्याला निळसर झाक येत नाही. पाण्याचा रंग असल्याने घामाने ओघळतो, एवढी त्याची खोड. मे महिन्यातल्या बिनवातानुकूलित नाट्यगृहात कपाळालगतची बोटभर जागा कोरडीच ठेवा. टोप असेल तर हा प्रश्नच नाही, फक्त टोपाची पुढची कड झाकायला स्वतःचे चार केस वर ओढून घ्यावेत.

काही महागड्या पेट्यांत लॅटेक्सची, म्हणजे पातळ रबराची, बाटली येते. कातडी बोटांनी ताणून पातळ थर टिपायचा, ताणलेलीच ठेवून थंड हवेने सुकवायची, पावडर मारायची, मग सोडायची. खरोखरच सुरकुत्या पडतात. असे दोन-तीन थर. कॅमेऱ्यासाठी उत्तम. रंगमंचासाठी पाचव्या रांगेपलीकडे काही दिसत नाही, आणि तोंडाजवळ संवादांनी थर फाटतो. भुवईवर आधी व्हॅसलीन लावलं नाही तर भुवईचे केस लॅटेक्सबरोबर निघतात. कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस बघितल्याशिवाय चेहऱ्यावर घेऊच नये, काहींना गांधी उठतात. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. नाटकासाठी पेटी घेत असाल तर या बाटलीचे पैसे वाचवा.

उतरवण्याकडे कोणी लक्ष देत नाही, आणि कातडीचं नुकसान तिथेच होतं. खोबरेल तेलाने बेस निघतो, गम निघत नाही. मिशी ओढून काढणारे नट दुसऱ्या दिवशी लाल ओठ घेऊन येतात आणि त्यावर गम लावून घेतात. द्रावणात बुडवलेला ब्रश मिशीच्या कडेला धरायचा, मिनिटभर थांबायचं, कड सुटली की ब्रश आत आत सरकवायचा. ५० मिलिलिटर गमला १०० मिलिलिटर द्रावण हे प्रमाण धरून खरेदी करा. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात रात्रीचे प्रयोग असतील तर खोबरेलाची बाटली थिजलेली सापडते, तेव्हा पातळ बेबी ऑइल बरोबर असू द्या.

गम आणि द्रावण दोन्ही भडकतात. प्रयोगाआधी नटराजाची पूजा बहुधा रंगपटातच होते, त्याच टेबलावर उदबत्ती आणि झाकण उघडी बाटली शेजारी शेजारी असतात. बाटली वापरून झाली की तिचं तोंड पुसायचं आणि आट्यांवर बोटभर व्हॅसलीन फिरवायचं. नाहीतर पुढच्या गावी पहिली घंटा झाल्यावर झाकण पक्कडीने फिरवत बसावं लागतं.