गोठ्यामागचं पाणी आणि साडेचार हजारांचा सूक्ष्मदर्शक

खोक्यावर ‘२००० पट’ छापलंय, तिकडं बघूच नका. बेळगावात खडे बाजाराजवळच्या एका दुकानातनं हा सूक्ष्मदर्शक मी साडेचार हजाराला आणला. “घ्या की ओ सर, कॉलेजवाले हेच नेतात,” म्हणाला दुकानदार. जास्तीची भिंगं चढवली की नुसतं धुकं. १० चं नेत्रभिंग आणि ४० चं वस्तुभिंग, म्हणजे ४०० पट, एवढंच कामाचं.

पण तेवढं मात्र चोख. माझी परीक्षा एकच, युग्लिना, म्हणजे साचलेल्या पाण्यातला हिरवा एकपेशी जीव. खानापूरला आमच्या गोठ्यामागं शेणाचं पाणी साचतं, उन्हाळ्यात त्यावर हिरवी साय धरते. थेंबभर पाणी पुरतं. आधीच्या यंत्रात हिरवं काहीतरी पळताना दिसायचं, बस्स. ह्यात पुढच्या टोकाचा तांबडा नेत्रबिंदू स्वच्छ दिसला. (नाव नेत्रबिंदू, पण उजेड ओळखतो तो कशाभिकेच्या, म्हणजे पोहायच्या शेपटीसारख्या धाग्याच्या, बुडाचा फुगवटा, ठिपका त्याच्यावर नुसती सावली धरतो. “मग डोळा कसला ओ सर?” हे वर्गातल्या पोरांचं दरवर्षी ठरलेलं.)

काचेखाली कापसाचे दोन धागे टाका, युग्लिना अडकते आणि खरी मजा सुरू होते. तिला पेशीभित्तिका नाही. पटलाखाली प्रथिनांच्या पट्ट्या असतात, त्या एकमेकींना घासून सरकतात. म्हणून ती आखडते, मध्येच फुगते, परत लांब होते. पोरं अर्धा तास जागची हलली नाहीत.

कशाभिका दिसायला उजेड कमी करावा लागतो आणि आयोडीनचा थेंब टाकावा लागतो. त्यात जीव मरतो, पण लांब कशाभिका उठून दिसते. दुसरी आखूड, आतल्या खळग्यातच राहते; ती ह्यात दिसत नाही. पेशीतले साठ्याचे कण निळे झाले नाहीत, तेव्हा पोरांनी आयोडीनच बाद ठरवलं. बटाट्याच्या फोडीवर टाकलं तर लगेच निळंकाळं. बटाट्यात स्टार्च, युग्लिनात पॅरामायलॉन नावाचा दुसराच साठा, तो आयोडीननं निळा होत नाही.

आता तक्रार. बारीक फोकसचा स्क्रू आपोआप खाली घसरतो. पहिल्याच दिवशी तीन काचा फुटल्या. दुकानात दाखवायला नेलं तर “सवय होईल” म्हणे! स्क्रू तिथंच फिरवून बघा, आणि पाचशे कमी करून मागा. माझ्यानंतर त्याच दुकानदारानं आमच्या शेजारच्या गावच्या मास्तरांना असाच एक चार हजाराला दिलाय.