पंधरा साड्या, पाच ब्लाऊज: तयार ब्लाऊजांत काय घ्यावं, काय सोडावं

साडीला माप नसतं, ब्लाऊजला असतं. वजन चार किलो इकडेतिकडे झालं की साडी ठणठणीत असूनही ब्लाऊजपायी कपाटात पडून राहते, आणि तिच्या शेजारी अंगात न शिरणाऱ्या ब्लाऊजांची चळत वाढत जाते. प्रत्येक साडीला तिचाच ब्लाऊज शिवायची सवय सोडली तर पाच चांगल्या तयार ब्लाऊजांवर पंधरा साड्या आरामात निघतात. तुळशीबाग, लक्ष्मी रोड, दादर इथल्या दुकानांत हल्ली तीन जातीचे तयार ब्लाऊज सगळीकडे टांगलेले दिसतात: स्ट्रेच, खणाचा आणि ब्रोकेडचा. तिन्ही सारख्या कामाचे नाहीत.

खणाचा ब्लाऊज या तिघांत सरस. खण मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, ओटीत घालायचा तोच. त्याची बारीक बुट्टी लांबून जवळजवळ एकरंगी दिसते, त्यामुळे तो साध्या साडीवर उठून दिसतो आणि चौकड्याच्या साडीशी भांडत नाही. लाल किंवा मरून खण इरकलीवर बसतोच, कारण तिचा टोपपदर लाल-पांढरा असतो. तोच संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेवर, मोतिया सुती साडीवर आणि हिरव्या काठाच्या नारायणपेठीवरही चालतो. अस्सल खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असते. म्हणून बाहीला किंवा पाठीला जोड दिसला तर तो दोष समजू नये, फक्त जोडावर नक्षी सरळ जुळली आहे का ते पाहावं.

खणाच्या ब्लाऊजचं दुखणं दोन ठिकाणी असतं. पहिलं रंग. लाल आणि गडद निळा खण काखेतल्या घामाने रंग सोडतो आणि डाग पडतो तो फिक्या साडीच्या काठावर. पांढरा रुमाल ओला करून आतल्या शिवणीवर जोरात घासा. रुमाल गुलाबी झाला तर तो ब्लाऊज दोन-तीनदा थंड पाण्यात वेगळा धुवून मगच फिक्या साडीवर घालावा. मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो या समजुतीवर विसंबू नये. दुसरं दुखणं अस्तराचं. तयार मालात सुती अस्तर न भिजवताच लावलेलं असेल, तर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचा खण तेवढा आटत नाही आणि समोर टक्सच्या (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्यांच्या) खाली फुगे येतात. ते इस्त्रीने जात नाहीत. खालची पट्टी उसवून अस्तर मोकळं सोडायचं आणि पुन्हा टीप मारायची, एवढाच इलाज.

स्ट्रेच ब्लाऊज रोजच्या वापराला उत्तम. हुक नाहीत, अस्तर नाही, डोक्यातून घातला की झालं. पुण्या-मुंबईत अस्तराचा ब्लाऊज शिवायला जी शिलाई पडते, तेवढ्यात बहुधा हा विकतच मिळतो. पण ‘३२ ते ४० सगळ्यांना बसतो’ हे दुकानदाराचं वाक्य अर्धंच खरं. बसतो, पण चाळिसाला कापड इतकं ताणलं जातं की काळ्याचा करडा होतो आणि आतलं सगळं दिसतं. दुकानात हाताचा पंजा आत घालून कापड ताणून पाहा. बोटं दिसली तर एक माप वरचं घ्या. ताण सोडल्यावर कापड लगेच जागेवर यायला हवं. सुरकुती तशीच राहिली तर चार धुण्यांत गळा लोंबेल. भारी साडीचा पदर यावर सरळ पिनेने टाचू नये. पदराच्या वजनाने विणलेला धागा तुटतो आणि भोकाची रेघ खाली पळते. खांद्याच्या शिवणीखाली आतून दोन इंचाची सुती पट्टी हाताने टाचून घ्या आणि पिन त्या पट्टीसकट घाला. कडक ऊन आणि गरम इस्त्री लवचिक धाग्याला मारतात. वाळवायचा सावलीत, ठेवायचा घडी करून. हँगरवर खांदे ओढले जातात.

ब्रोकेडचा ब्लाऊज दिसायला सगळ्यात झकपक, आणि फसवणारा हाच. ‘सोनेरी सगळ्यावर चालतो’ म्हणतात, पण चकचकीत पिवळा सोनेरी रुपेरी जरीच्या साडीवर उपराच दिसतो. घ्यायचाच तर मळकट, जुन्या सोन्याच्या रंगाचा घ्यावा. स्वस्त ब्रोकेडची वीण सैल असते. दोन्ही हातांनी बाजूची शिवण आडवी ओढा. टाक्यांपाशी फट पडून उभे धागे दिसले तर तो ब्लाऊज पहिल्याच लग्नात मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडतात तिथे, विरणार. आतले कप तर नकोच. धुतल्यावर दुमडतात आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाहीत.

तिन्हींपैकी काहीही घेताना आकड्यावर जाऊ नये. एका दुकानाचा ३८ दुसऱ्याच्या ३६ एवढा निघतो. स्वतःचा नीट बसणारा ब्लाऊज हुक लावून सपाट पसरा, काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. नव्याचं मापही तसंच घ्या. छाती सैल-घट्ट करता येते, खांदा मात्र जवळजवळ नाहीच, म्हणून खांद्याचं माप आधी जुळवा. मग ब्लाऊज उलटा करून माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, बघा. बाजूच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या दोन्ही भागांना एकेक इंच माया असेल तर दोन्ही बाजू धरून ब्लाऊज चार इंच वाढतो, म्हणजे ३८ चा ४२ होतो. इथे बहुतेक जण एक गोष्ट विसरतात: बाजू सोडली की मुंढाही मोठा होतो, आणि बाहीच्या शिवणीत तेवढी माया नसेल तर बाही बसतच नाही. शिवाय ब्रोकेडवर जुन्या टिपेची भोकं दिसतात, खणावर आणि सुतीवर ती एका धुण्यात बुजतात.

रंगांचं म्हणाल तर मरून खण, बाटली हिरवा खण, काळा स्ट्रेच, मोतिया स्ट्रेच आणि जुन्या सोन्याचा ब्रोकेड. कागदावर पंधरा गुणिले पाच म्हणजे पंचाहत्तर जोड्या होतात. प्रत्यक्षात एका साडीला दोन, फार तर तीन ब्लाऊज शोभतात. तरी तीस-पस्तीस झालेच की! जोडी लावताना साडीच्या अंगाचा नाही, काठाचा रंग धरायचा. पैठणीला या हिशोबात ओढू नये, तिचा स्वतःचा ब्लाऊज असू द्यावा.

राहिला साडीतला ब्लाऊजपीस. नव्या साडीचा तो कापायची घाई नको. साडेपाच मीटरच्या साडीला आणखी ८० सेंटीमीटर जोडून आलेले असतात, ते एक-दोन निऱ्यांना किंवा लांब पदराला उपयोगी पडतात, आणि उंच किंवा अंगाने भरलेल्या बाईला तर हवेच असतात. तो आतल्या टोकाला असेल तर पहिल्या वेढ्यात दडतो, रंग वेगळा असला तरी दिसत नाही. पदराच्या टोकाला आला असेल तर कापावाच लागतो. त्यातून तीन इंचाची पट्टी काढून मोतिया स्ट्रेचच्या बाहीला आतून हलका धावदोरा घालून लावावी. त्या साडीपुरती ठेवायची, मग उसवून दुसऱ्या साडीची लावायची. धावदोरा घालताना बाही थोडी ताणून धरायची, नाहीतर दंडात काचते.