पेटी द्यावी की वर्गणी?

सोलापूरच्या आमच्या घरात वडिलांची पत्र्याची पेटी आहे. तिच्यात १९३० च्या मार्शल लॉच्या, म्हणजे इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या लष्करी अंमलाच्या, दिवसांतली कात्रणं आहेत. घडीवर बोट ठेवलं की कागदाचा चुरा होतो. ही पेटी विद्यापीठाच्या संशोधन ग्रंथालयाला द्यावी, की देणगीदार सभासद होऊन दरवर्षी पैसे भरावेत?

पेटी देण्यात माया आहे. गिरणी कामगारांची पत्रकं, तेलुगू-कन्नड हस्तपत्रकं असे कागद दुसरीकडे सहसा सापडत नाहीत. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरचे चार हुतात्मे फासावर गेले. त्या काळावर काम करणाऱ्या मुलीला असं एक पान सोन्यासारखं. पण उरलेली क्रमिक पुस्तकं, जुने दिवाळी अंक? ते बहुधा तिथे आधीच असतात, आणि तरी प्रत्येकाची नोंद करावी लागते, जागा द्यावी लागते.

वर्गणीतून बांधणी होते, स्कॅनिंग होतं, नियतकालिकं चालू राहतात. रक्कम छोटी का असेना, दरवर्षी येणार हे ठाऊक असलं की ग्रंथपालांना बेत आखता येतो. संस्थेला देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (८०जी) असेल तर जुन्या करप्रणालीत आयकरात सवलतही मिळते. मात्र २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, आणि पुस्तकरूपी देणगी तर मुळीच नाही.

माझा कौल वर्गणीला. पेटीतल्या कागदांची यादी करून ग्रंथपालांना दाखवणार आहे. त्यांना हवे तेवढेच कागद, घड्या न मोडता, हातानं नेऊन देईन.