फोम का हातमोजे? पाण्यातल्या व्यायामासाठी आधी काय घ्यावं

खांद्याचं नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फिजिओनं सांगितलं आता पाण्यात व्यायाम करा, अन् ऑनलाइन बघायला गेलं तर फोमचे डंबेल, पायाला बांधायचे पट्टे, बोटांमध्ये पडदा असलेले हातमोजे, पंखेवाले डंबेल, इतकं काही दिसतं की डोकंच चालत नाही भो. माझं मत सरळ आहे, खांदा असेल तर आधी हातमोजे, फोम नंतर.

फोम तरंगतो म्हणून तो खाली दाबायला जोर लागतो. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला डबा बांधतात ना, तो पाण्याखाली दाबून बघा, तसंच. म्हणजे जिममधल्या डंबेलच्या उलटं काम, इथं खाली दाबताना दंडाच्या मागचा स्नायू, म्हणजे ट्रायसेप्स, राबतो. आणि तुम्ही थांबलात तरी फोम वर ढकलतच राहतो, मांडीजवळ दाबलेला डंबेल जरा ढिला सोडला की उसळतो अन् खांदा थेट कानाकडं जातो, नुकत्या बऱ्या होणाऱ्या खांद्याला नेमकं हेच नको असतं.

हातमोज्याचं तसं नाही. जोर तुमच्या वेगावर, वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा साधारण चौपट, अन् थांबलं की भार गेला. ढकलताना पण अडथळा, ओढताना पण. जड जातंय असं वाटलं तर मूठ आवळायची किंवा हात उभा करून कडेनं पाणी कापायचं, लगेच हलकं होतं. पंखेवाले डंबेल याच तत्त्वावर चालतात, फक्त जास्त जड, ते ताकद आल्यावर बघा.

गुडघ्याला मात्र सुरुवातीला काहीच विकत घेऊ नका. कमरेइतक्या पाण्यात शरीराचं वजन साधारण निम्मंच पायावर येतं, छातीइतक्या पाण्यात एक तृतीयांशच्या आसपास, तिथं नुसतं चाला. गुडघा आखडलेला असेल तर घोट्याचा फोम पट्टा टाच वर उचलायला मदत करतो, पण पोहता येत नसेल तर तो बांधून खोल पाण्यात अजिबात जायचं नाही, पाय वर तरंगतात अन् डोकं खाली जातं. काठाचा दांडा धरूनच करायचं.

पाण्याचं पण बघा. ऑपरेशननंतरच्या अशा व्यायामासाठी ३३ ते ३५ अंशाचं पाणी चांगलं म्हणतात, आपल्या जळगाव-धुळ्याकडं जानेवारीत उघड्या टँकमध्ये ते कुठून मिळणार, अंग आखडूनच जातं, म्हणून उन्हाळ्यात सुरू केलेलं बरं. अडावदजवळ उनपदेवला गरम झरा आहे खरा, पण तिथं अंघोळ करावी, व्यायाम नको. विहीर अन् पाट तर नाहीच, तळ सपाट नसतो. टाके ओले असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, बीपी-हार्टवाल्यांनी पण.

अन् फोम घेतलाच तर दरवेळी साध्या पाण्यानं धुवून सावलीत वाळवा, क्लोरीन अन् आपलं मे महिन्याचं ऊन मिळून त्याचा भुगा करतात.