माहीमची बुधवारची नोव्हेना: नऊ बुधवारांनंतर लिहितेय

आधीच सांगते, मी वसईची, घरात रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, तरी बत्तीस वर्षांत माहीमच्या नोव्हेनेला, म्हणजे नऊ बुधवार ओळीनं करायच्या प्रार्थनेला, एकदाही गेले नव्हते. आणि मला घेऊन कोण गेलं, तर आमच्या लेडीज डब्यातली एक ताई, जी गुरुवारी दत्ताला जाते आणि बुधवारी माहीमला. "अगं तू ख्रिस्ती ना, आणि तुला माहीम माहीत नाही?" असं सगळ्या डब्यासमोर म्हणाली, काय बोलणार.

कारण असं की मागच्या पावसाळ्यात परतीच्या गर्दीत गाडी सुटताना माझा पाय घसरला. दोन बायकांनी दंडाला धरून आत ओढलं म्हणून आज हे टाइप करतेय. उजव्या पायातली चप्पल खाली रुळात गेली, घरी एका चपलेवर आले. लागलं काहीच नाही, गुडघ्याला जरा खरचटलं तेवढंच, पण त्यानंतर मला गाडीत चढताच येईना. प्लॅटफॉर्मवर जायचे, गाडी आली की हात घामानं ओले, पोटात कालवाकालव, आणि गाडी निघून गेली की हायसं वाटायचं. दोन महिने वर्क फ्रॉम होम मागून काढले. घरचे म्हणायचे देवावर विश्वास ठेव, भिऊ नकोस. मला त्याचा उलट त्रास व्हायचा, म्हणजे एक तर भीती आणि वर आपला विश्वास कमी पडतोय हे अपराधीपण, डबल.

तर आता जागेबद्दल. सेंट मायकल चर्च, माहीम वेस्ट, स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं. वसईहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, फास्ट गाडी माहीमला थांबत नाही, अंधेरीला उतरून स्लो पकडायची. चर्च मूळचं पोर्तुगीज काळातलं, 1534 सालचं सांगतात, पण आत्ता जी इमारत आहे ती 1973 ची, त्यामुळे जुन्या गोव्यासारखं काही बघायला मिळेल म्हणून जाऊ नका. नोव्हेना सुरू झाली 1948 साली, तेव्हापासून दर बुधवारी सकाळपासून रात्रीपर्यंत चालते, इंग्रजी, कोकणी, मराठी, हिंदी अशी भाषा बदलत. मराठीची वेळ बोर्डावर बघून जा, नाहीतर माझ्यासारखं पहिल्या दिवशी दुसऱ्याच भाषेत बसाल, तसं बसलात तरी बिघडत नाही म्हणा. गर्दी तुफान. टिकली लावलेल्या, बुरख्यातल्या, कडेवर पोर घेतलेल्या, ऑफिसची बॅग पाठीला असलेल्या, सगळ्या एकाच बाकावर. बसायला जागा हवी तर वीस मिनिटं आधी पोचा.

बाहेर मेणाच्या वस्तू मिळतात. मेणाचा पाय, मेणाचा हात, मेणाचं घर, मेणाचं बाळ, ज्याला जे हवं ते घेऊन वाहतात. मी एका विक्रेत्याला विचारलं ट्रेन आहे का, तर त्यानं चेहराही न हलवता सांगितलं विमान आहे, व्हिसासाठी नेतात. ट्रेन नव्हती. मी साधी मेणबत्ती घेतली, तर त्यानं सुट्टे नाहीत म्हणून दोन गळ्यात मारल्या. भाव आधी विचारून घ्या एवढंच सांगते.

पण मला खरं लिहायचंय ते आतल्या चित्राबद्दल. ही नोव्हेना अवर लेडी ऑफ परपेच्युअल सकरची, म्हणजे सदोदित मदतीला येणारी माता. मूळ चित्र रोमला आहे, 1866 मध्ये पोपनी ते रिडेम्प्टोरिस्ट नावाच्या संघाच्या फादर लोकांच्या ताब्यात दिलं, आणि त्याच्या प्रती जगभर गेल्या. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यातही हेच चित्र होतं, बल्बखाली, अर्धं काळवंडलेलं, मी लहानपणापासून बघतेय आणि तरी कधी बघितलंच नव्हतं. दुसऱ्या बुधवारी ताईला पुढे जागा मिळाली आणि तिनं मला कोपरानं ढोसलं, "त्या बाळाची चप्पल बघ."

बाळ येशूच्या एका पायातली चप्पल निसटलीय, पट्ट्याला नुसती लोंबकळतेय. वर दोन्ही बाजूंना देवदूत आहेत, एकाकडे भाला आणि स्पंज, दुसऱ्याकडे क्रूस आणि खिळे, म्हणजे पुढे त्याच्याच क्रूसावरच्या मरणाच्या वस्तू. बाळानं ते बघितलंय, घाबरलंय, आणि आईकडे इतक्या जोरात पळालंय की चप्पल निघाली, असा त्याचा अर्थ सांगतात. दोन्ही हातांनी आईचा एक हात धरलाय. मान मात्र अजून मागेच वळलेली, त्या वस्तूंकडे.

मला तिथं बसल्या बसल्या रडूच आलं. म्हणजे माझी चप्पल रुळात गेली ती आठवली हे एक, पण दुसरं असं की ज्याच्याकडे आपण भीती घालव म्हणून जातो तोच इथं घाबरलेला आहे, आणि त्याला कोणी रागवत नाहीये. ना देवदूत खिळे लपवतायत, ना भीती गेलीय. फक्त हात धरलाय. पुढे मोठा झाल्यावर, क्रूसावर जायच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत त्यानं हा दुःखाचा प्याला टळू दे असं म्हटलंच होतं की, आपण दर वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात ते ऐकतो आणि घरी येऊन एकमेकांना सांगतो, भिऊ नकोस.

घरी येऊन बायबल काढलं. स्तोत्र 56 मध्ये दावीद म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. वाटेल तेव्हा, हे शब्द मी आजवर गिळूनच वाचत होते. आणि हे स्तोत्र कधीचं, तर त्याच्या शत्रूंनी, पलिष्ट्यांनी, त्याला त्यांच्या गथ शहरात धरलं तेव्हाचं, आणि तिथं या शूरवीरानं काय केलं, तर राजासमोर वेडाचं सोंग घेतलं, दारं खरवडली, दाढीवर लाळ गाळली. गल्याथासारख्या राक्षसी योद्ध्याला पाडणारा माणूस. माझं गाडी सोडून देणं त्यापुढे फारच सभ्य म्हणायचं.

आता नोव्हेनेतली मला न पटलेली एक गोष्ट. आभाराची पत्रं वाचून दाखवतात, नोकरी लागली, मूल झालं, गाठ साधी निघाली. ऐकायला फार बरं वाटतं, दुसऱ्याच्या आनंदात डोळे भरून येतात. पण माझ्या शेजारी एकदा एक मावशी होत्या, हातात मेणाचं बाळ, आणि त्या पत्रांच्या वेळी खाली बघत बसायच्या. ज्यांचं मागणं झालं नाही त्यांची पत्रं कोण लिहिणार हा प्रश्न मनात राहिला. हा माझा विचार हं, बऱ्याच जणांना त्या पत्रांनीच धीर येतो, ताईला तर येतोच.

बाकी माझं काय झालं तर ऐका. पहिल्या बुधवारी वसईला सात गाड्या सोडल्या. ताई बाजूला उभी राहून चणे खात होती, एक अक्षर बोलली नाही, आठव्या गाडीला पुडी पर्समध्ये टाकली आणि नुसता हात पुढे केला. दुसऱ्या बुधवारी चार सोडल्या. तिसऱ्याला परत सहा, त्यामुळे हे काही छान उतरत्या क्रमानं झालं असं समजू नका. पाचव्या बुधवारी पाऊस, रुळावर पाणी, जाताच आलं नाही, आणि एका नातेवाईक बाईंनी सांगितलं की खंड पडला, आता परत एकपासून सुरू कर. मी आमच्या गावातल्या फादरना विचारलं तर ते म्हणाले देव हजेरीपट घेऊन बसलेला नाही, सहावा मोज. मोजला. तसे मंदिर असो की चर्च, हे नियम सांगणारे लोक सगळीकडे भेटतातच.

नवव्या बुधवारी ताईला सुट्टी नव्हती, एकटी गेले. एक गाडी सोडली, दुसऱ्या गाडीत चढले. हात ओलेच होते, खांब सटकत होता, ओढणीनं पुसून परत धरला. तोंडानं काही प्रार्थना वगैरे सुचली नाही, नुसतं धर धर धर एवढंच चाललं होतं, आणि ते देवाला म्हणत होते की खांबाला की स्वतःच्या हाताला ते मलाही माहीत नाही. अंधेरीला उतरून स्लोची वाट बघताना एका मुलीनं विचारलं माहीमला जाताय का, तिलाही तिकडेच जायचं होतं, पहिलाच बुधवार तिचा. तिला अंधेरीपासून मराठीच्या वेळेपर्यंत सगळं मीच सांगितलं, आपण जणू पन्नास वर्षं जातोय अशा थाटात.

मी पण एक पत्र टाकलं पेटीत. भीती गेली असं लिहिलं नाही, कारण गेली नाहीये. ताईचे आभार लिहिले आणि त्या दोन बायकांचे, ज्यांची नावं मला माहीत नाहीत.

पाचपैकी पाच देते. सुट्टे पैसे न्या, पाण्याची बाटली न्या, आणि चपला मागे पट्टा असलेल्या घाला, मी आता त्याच घालते.